तीस किलो उचलतंय कोण?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा आहे, दिवसभर संगणकावर काम करतो. अंगकाठी पहिल्यापासून बारीक, वजन ६० किलो. चार महिने झाले, रोज न चुकता बारबेल कर्ल मारतोय, म्हणजे दोन्ही हातांत वजनाचा रॉड धरून कोपरं वाकवत तो छातीशी आणायचा. १५ किलोपासून सुरुवात केली, आता ३० किलोचे दहा-दहाचे पाच सेट होतात. पण दंडाचा घेर तेव्हा २९ सेंटिमीटर होता, आजही २९च आहे. फोरआर्म, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात, तर काठीसारखे. मनगटं दुखतात, आणि घट्ट बसलेलं बरणीचं झाकण अजूनही दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. परवा एका मित्राने भिंतीला पाठ टेकवून तेच वजन मारायला लावलं, तर जेमतेम तीन रेप झाले, म्हणजे तीनदाच उचललं गेलं, आणि तो हसत सुटला. आता वजन वाढवू का? सरळ रॉड सोडून वाकडा घेऊ का? आणि फोरआर्मसाठी हा एक व्यायाम पुरतो का?
एक वाचक

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून टाकलंय, ते भिंतीचं. मित्र हसला तर हसू द्या, पण त्याचे आभार माना. मोकळं उभं राहून दहा रेप आणि भिंतीला टेकून तीन. मग मधले सात कोणी उचलले? कमरेने, मांड्यांनी आणि थोडे खांद्यांनी. ही बिचारी मंडळी चार महिने जादा पाळी करतायत आणि तुम्ही टेप लावताय दंडाला.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. वजन वाढवायचं नाही. निम्मं करायचं. वाचून वाईट वाटलं असेल याची कल्पना आहे, पण निम्मं का, ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

कोपर ही बिजागरी धरा. तिथपासून मुठीपर्यंतचं अंतर साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर. बायसेप्सचा, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचा, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) मात्र बिजागरीपासून चार-पाच सेंटिमीटरवरच हाडाला चिकटलेला असतो. दार बिजागरीजवळ धरून ढकलून बघा, किती जोर लागतो ते कळेल; दंडाची गत तीच. मुठीत जेवढं वजन, त्याच्या सात-आठ पट ओढ आतून लावावी लागते. तुमचे ३० किलो दोन हातांत वाटले की एकेका हाताला १५ येतात, आणि फोरआर्म जमिनीला समांतर आला की एकेका दंडात शंभर किलोच्या पुढची ओढ लागते. हात खाली लोंबताना हा भार जवळपास शून्य असतो, फोरआर्म उभा झाला की पुन्हा हलका. खरी कसोटी मधल्या टप्प्यात, समांतरच्या आसपास.

आणि नेमकी तिथेच तुमची कंबर मदतीला धावून येते. आधी किंचित पुढे वाकणं, मग कुल्ल्यांचा झटका, रॉड हवेत भिरकावल्यासारखा वर, आणि मधला अवघड टप्पा त्या वेगातच पार. वर पोचल्यावर भार हलका होतो, म्हणून रॉड छातीशी थोपवून धरता येतो आणि आपल्याला वाटतं, उचलला की! पेपरातला एकच अवघड प्रश्न दुसऱ्याने सोडवून दिल्यासारखं आहे हे. मार्क मिळतात, विषय येत नाही.

उतरतानाची गोष्ट याहून मोठी. तुम्ही पत्रात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण ज्याचा रॉड झटक्याने वर जातो त्याचा तो सहसा धपकन खालीही येतो. वजन आवरत, हळूहळू खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि त्या स्थितीत तो चढवतानापेक्षा जास्त भार पेलू शकतो. म्हणजे अर्ध्या मेहनतीवर तुम्ही पाणी सोडताय, आणि तेही स्वस्तातल्या अर्ध्या. शिवाय अलीकडच्या काही अभ्यासांत असं दिसलंय की कर्लचा फक्त वरचा अर्धा भाग करणाऱ्यांपेक्षा फक्त खालचा अर्धा भाग करणाऱ्यांचे दंड जास्त भरले. म्हणून हात खाली पूर्ण सरळ होऊ द्यायचा. अर्ध्यातून परत फिरायचं नाही.

आता भिंतीकडे या. मित्राने गंमत म्हणून जी परीक्षा घेतली तिच्या चक्क स्पर्धा होतात. स्ट्रिक्ट कर्ल म्हणतात तिला. नियम साधा, खांदे आणि कुल्ले भिंतीला चिकटलेले राहिले पाहिजेत. पुढचे सहा आठवडे तुमचा प्रत्येक कर्ल असाच होणार आहे.

टाचा भिंतीपासून फूटभर पुढे. कुल्ले आणि खांद्यांचा मागचा भाग टेकलेला. कमरेत नैसर्गिक बाक असतो, तिथे तळहात सरकेल एवढी फट राहू द्या. ती भरायच्या नादात पोट आत ओढून ताठ होऊ नका. रॉड मांड्यांसमोर, तळवे पुढे, हातांत खांद्यांएवढं अंतर. कोपरं बरगड्यांच्या शेजारी. श्वास सोडत रॉड वर. कोपरं पुढे सरकली की समजायचं, खांदा मध्ये पडतोय. फोरआर्म पूर्ण उभा व्हायच्या किंचित आधी थांबा, तिथे एक क्षण दंड आवळा, आणि मग खाली येताना मनात एक, दोन, तीन मोजा. घाईघाईत नव्हे, घड्याळाच्या काट्याने. तिसऱ्या आकड्याला हात सरळ. तिथे झोका न देता पुढचा रेप.

कुल्ले भिंतीपासून सुटले की सेट संपला. सहावा रेप असो की नववा. "अजून एक होईल" हा आवाज ऐकू येईल, तो कमरेचा असतो.

काही व्यायामशाळांत यासाठीच एक तिरका पाट असलेलं बाक असतं, त्यावर दंड टेकवून कर्ल मारतात. १९६५ साली मिस्टर ऑलिम्पिया या शरीरसौष्ठव स्पर्धेचा पहिला किताब जिंकणाऱ्या लॅरी स्कॉटमुळे हा प्रकार इतका गाजला की आजही कित्येक जण त्याला स्कॉट कर्लच म्हणतात. पाट दंडाला हलू देत नाही, म्हणून लबाडी जमत नाही. पण त्यावर हात सरळ होताना भार एकदम वाढतो, आणि नवख्या माणसाने तिथे वजन सोडून दिलं तर कोपराला चांगलाच हिसका बसतो. तुम्हाला सध्या भिंत पुरे.

कितीने सुरुवात करायची? भिंतीला टेकून, तीन मोजत उतरवून, जे वजन दहा वेळा जातं आणि अकराव्याला अडतं, ते तुमचं खरं वजन. वजन ठरवायची ही रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाचे एक अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे अशक्त झालेले स्नायू वजनं उचलायला लावून परत कामाला जुंपत होते. १९४५ साली त्यांनी ही पद्धत छापून मांडली, आणि पुढे ती सुटसुटीत केली : दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधायचं, त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण वजनाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा. पुढे कितीतरी नव्या पद्धती आल्या, पण नवख्या माणसाच्या हातात मी अजूनही हीच देते. पहिले दोन सेट अंग गरम करतात, हाताला वळण लावतात. कस लागतो तो तिसऱ्यात.

तुमचे तीन रेप बघता, उतरवतानाचा संथपणा धरून, हा आकडा २० किलोच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. मनगटं दुखतायत म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे १५वरच थांबा. म्हणजे चार महिन्यांपूर्वी होतात तिथेच. बरोबरचे लोक बघतील, एखादा काहीतरी बोलेलही. बोलू द्या.

मध्येच एक विचारून घेते. हे ३० किलो रॉड धरून की नुसत्या प्लेट्स? स्पर्धेतला पुरुषांचा बारबेल २० किलोचा असतो आणि बायकांचा १५ किलोचा, पण व्यायामशाळेतले आखूड, बारीक रॉड कशाही वजनाचे असतात आणि बहुतेकांवर काही लिहिलेलंही नसतं. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग रॉड घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता वर्षभर वहीत चुकीचे आकडे लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत.

रोज मारणं थांबवा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, नंतर वाढतो, आणि त्यासाठी एक-दोन दिवस त्याला कोणी हात लावता कामा नये. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती. वर सांगितलेले तीन सेट सलग दोन्ही दिवशी पूर्ण दहा-दहा झाले, कुल्ले सुटले नाहीत, की पुढच्या वेळी एक-दीड किलो वाढवायचं. सगळ्यात छोट्या प्लेट्स यासाठीच असतात. त्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात कारण त्या लावायची लाज वाटते.

सुरुवातीच्या महिन्यात एक चकवा लागेल. वजन भराभर वाढेल आणि टेप हलणार नाही. त्यात गडबड काही नसते. आधी मेंदू आणि नसा शिकतात, असलेल्या स्नायूतला जास्त भाग एका वेळी कामाला लावतात. घेर त्यानंतर सरकतो.

आता मनगट. तुमचा दुसरा प्रश्न, सरळ रॉड की वाकडा, याच्याशीच जोडलेला आहे.

आरशासमोर उभे राहा, हात खाली सोडा आणि तळवे पुढे करा. नीट बघा. दंड आणि फोरआर्म एका रेषेत नाहीत, कोपरापासून पुढचा हात थोडा बाहेर झुकलाय. हा बाक प्रत्येकाचा कमीजास्त असतो, बायकांमध्ये साधारणतः जरा जास्त. सरळ रॉडला तुमचा बाक माहीत नसतो. तो दोन्ही तळवे पूर्ण वर वळवून एका रेषेत आणायला लावतो, आणि ज्याचा बाक त्यात बसत नाही त्याचं मनगट करंगळीच्या बाजूने कुरकुरतं. अशा वेळी हातांतलं अंतर दोन बोटं कमीजास्त करून बघा. बऱ्याच जणांची तक्रार एवढ्यानेच मिटते. नाही मिटली तर वाकडा रॉड, म्हणजे ईझी बार, खुशाल घ्या. त्यावर तळवे किंचित आत कलतात, मनगट सुटतं. बायसेप्सवरचा ताण थोडा कमी होतो, पण दुखऱ्या मनगटाने अर्धवट मारलेल्या कर्लपेक्षा तो कितीतरी बरा. अरुंद पकडीने दंडाची एक बाजू भरते आणि रुंद पकडीने दुसरी, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. असला तर तो फरक इतका बारीक आहे की आज त्यात डोकं घालू नका.

पण तुमच्या दुखण्याचं कारण मला दुसरंच वाटतं. जड रॉड झटक्याने वर नेताना मनगट मागे, फोरआर्मच्या उलट्या बाजूला, मोडतं. रॉड बोटांच्या मुळाशी लोंबकळत राहतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. रॉड तळहाताच्या आत, अंगठ्याच्या गादीजवळ घ्या, अंगठा वरून गुंडाळा, आणि पूर्ण रेपभर मुठीची मागची बाजू आणि फोरआर्म एका सपाट फळीसारखे ठेवा. जरासं आत वळलं तर चालेल, मागे नको. १५ किलोला हे जमतं. ३० किलोला तुम्हाला जमत नव्हतं, म्हणून दुखलं.

फोरआर्म या एका व्यायामाने होतील का? अर्धेमुर्धे. आणि हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

उजव्या हाताने डावा फोरआर्म कोपराच्या खाली धरा आणि डाव्या हाताची बोटं टेबलावर तबला वाजवल्यासारखी हलवा. आत काहीतरी सळसळतंय, लागलं ना हाताला? बोटांमध्ये स्वतःचे स्नायू जवळपास नसतात. बोटं ओढणाऱ्या दोऱ्या मनगटातून मागे येतात आणि त्या दोऱ्या खेचणारी यंत्रणा बसलेली असते ती फोरआर्ममध्ये. म्हणून फोरआर्म भरायचे तर हाताला घट्ट धरायला लावलं पाहिजे. बरणीचं झाकण तुमच्या दंडाला नाही, या पकडीला दाद देत नाहीये.

आता दुसरा प्रयोग. कोपर ९० अंशांत वाकवा, तळवा जमिनीकडे, आणि दुसऱ्या हाताची बोटं दंडाच्या बेटकुळीवर ठेवा. कोपर न हलवता तळवा हळूहळू वर वळवा. बेटकुळी फुगली? बायसेप्स नुसता कोपर वाकवत नाही, तो तळवा वर वळवतो. उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळतो तो हाच. याचा उलटा अर्थ असा की तळवा खाली असताना बायसेप्सला नीट जोर लावता येत नाही, आणि मग काम दुसऱ्या दोघांवर येतं. एक म्हणजे बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रेकिअलिस. तळवा कुठेही असो, कोपर वाकवण्याचं खरं ओझं वाहणारा हा गडी. तो भरला की बायसेप्सला खालून वर ढकलतो, दंड रुंद दिसतो. दुसरा ब्रेकिओरेडिअलिस, जो दंडाच्या खालच्या टोकापासून निघून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत जातो. भरलेल्या फोरआर्मला कोपरापाशी जो उंचवटा दिसतो तो याचा.

म्हणून उलटा कर्ल करा. तोच रॉड, तीच भिंत, तळवे खाली. वजन साध्या कर्लच्या निम्म्याच्या आसपास, तुमच्यासाठी ८ ते १० किलो. नुसता बारीक रॉड पुरेल. दहा-बारा रेपचे दोन सेट, साध्या कर्लनंतर. इथे मनगट खाली लटकू देऊ नका, मुठीचे सांधे छताकडे बघत वर जाऊ द्या. पहिल्याच दिवशी फोरआर्मच्या वरच्या बाजूला अशी आग होईल की इतके दिवस हा भाग झोपला होता हे पटेल. वर कोपरांच्या बाहेरच्या बाजूला टोचलं तर ईझी बार घ्या.

मनगटाचे कर्ल, म्हणजे बाकावर बसून फोरआर्म मांडीवर टेकवून नुसतं मनगट वर-खाली करणं, ते मनगटाचं दुखणं पूर्ण थांबल्यावरच करायचं. तळवा वर असताना खालची बाजू कामाला लागते, तळवा खाली असताना वरची. वरची बाजू कायम दुबळी असते, तिला वजन निम्म्याहून कमी लागतं. पंधरा-वीस रेप, हलक्या हाताने. इथे बहाद्दरी दाखवायला गेलात तर हात दाखवून अवलक्षण होईल.

पकडीसाठी मात्र आजपासून सुरू करा, ते मनगटाला झेपेल. दोन जड डंबेल हातात घेऊन ताठ चालायचं, तीस-चाळीस पावलं, तीन फेऱ्या. दुसरं, वर टांगलेल्या दांड्याला लोंबकळायचं, सुटेपर्यंत नाही, सुटायला आलं की उतरायचं. सेकंद लिहून ठेवा. आणखी एक युक्ती : रॉडला टॉवेल गुंडाळला की मूठ पूर्ण मिटत नाही, तोच रॉड दुप्पट जड वाटतो आणि बोटांना खरं काम लागतं. ही युक्ती आठवड्यातून एकदाच.

बारबेलची एक उणीव सांगते, कारण तुम्ही चार महिने फक्त त्याच्याशी संसार केलाय. त्यात दोन्ही हात एका दांड्याला जखडलेले असतात, त्यामुळे मघाशी बघितलेलं ते तळवा वळवण्याचं काम होतच नाही. शिवाय उजवा हात डाव्याचं काम गुपचूप उरकतो. महिनाभराने एका दिवशीचा बारबेल बाजूला ठेवून डंबेल घ्या, खाली तळवे मांडीकडे, वर येता येता वळवत छताकडे. पहिला सेट दुबळ्या हाताचा, आणि त्याचे जेवढे होतील तेवढेच दुसऱ्याचे.

आणि आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. तुम्ही दंडाचा घेर मोजताय ना? दंडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग मागचा असतो, ट्रायसेप्सचा. त्याला तीन डोकी, बायसेप्सला दोन. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. आरशात दिसत नाही म्हणून सगळेच त्याला विसरतात. हात जवळजवळ ठेवून मारलेल्या पुशअप्स आणि रॉड डोक्यामागे नेऊन कोपरं सरळ करण्याचा व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, कर्लच्याच दिवशी. जमत असेल तर वाकून रॉड पोटाकडे ओढण्याचा व्यायाम, म्हणजे रोइंग, त्यात घाला. पाठ बनतेच, वर बायसेप्सला फुकटची मजुरी मिळते.

खाण्याबद्दल थोडक्यात. चार महिन्यांत तुमचं वजन किती वाढलं? ६० होतं आणि ६०च असेल तर घेर वाढायला माल येणार कुठून? व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे तुम्हाला ९५ ग्रॅमच्या आसपास. एक दिवस वहीत सगळं खाल्लेलं लिहा आणि बेरीज करा, बहुधा निम्म्यावर येईल. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. आणि झोप.

दुखण्याबद्दल मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायूच्या पोटात ठणका लागतो, तो आपोआप जातो. कोपराच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडावर बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येतं, ते दुखणं वेगळं. मनगट वाकवणारे स्नायू आतल्या हाडाला आणि मागे ओढणारे बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात, आणि रोजच्या ओढाताणीत तिथलाच कंडरा कुरतडला जातो. अशा वेळी वजन आणखी उतरवा, दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवा. तुम्ही संगणकावर काम करता म्हणून मुद्दाम विचारते, रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात का? येत असतील तर ते कर्लचं दुखणं नसेल, मनगटात नस दाबली जात असेल. डॉक्टरांकडे जा, मला पत्र लिहीत बसू नका. आणि कर्ल मारताना कोपरापाशी कट्कन आवाज येऊन दंडाचा आकार बदलला, बेटकुळी वर सरकली किंवा निळं-काळं पडलं, तर त्याच दिवशी जायचं. तुटलेला कंडरा लवकर जोडला तर नीट जुळतो.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. कोणाशी तरी पैज लावून एका संध्याकाळी मी रिकाम्या रॉडचे शंभर कर्ल मारले. रिकामाच तर आहे, असं म्हणून. दुसऱ्या दिवशी दोन्ही हात कोपरात अर्धे वाकलेले, सरळ होईनात आणि पूर्ण वाकेनातही. चार दिवस केस बांधायला हात डोक्यापर्यंत पोचत नव्हता, घरातल्यांनी वेणी घालून दिली. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. आज कोणी असं सांगितलं तर मी पहिला प्रश्न लघवीच्या रंगाचा विचारते. सवय नसताना केलेल्या अतिव्यायामात स्नायू इतके फाटू शकतात की त्यातला माल रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतो. दंड सुजून टणक झालेत आणि लघवी काळपट तपकिरी होतेय, असं दिसलं तर पाणी पीत वाट बघायची नसते, थेट रुग्णालय.

तुमच्या व्यायामशाळेत झटका देऊन कर्ल मारणारे आणि तरी दंड भरलेले एक-दोन तरी असतील. त्यांच्याकडे बोट दाखवाल म्हणून आधीच लिहिते. त्यांच्याकडे नीट बघा. आठ रेप सरळ मारून झाल्यावर शेवटच्या दोनांना ते झटका देतात, आणि उतरवताना मात्र रॉड मुंगीच्या पावलाने आणतात. ते पण जमतं, पण आधी ते आठ सरळ जमावे लागतात. तुम्ही वर्षभराने बघा.

टेप महिन्यातून एकदाच. सकाळी, व्यायामाच्या आधी, हात सैल सोडून, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. व्यायामानंतर लगेच मोजलात तर रक्ताने फुगलेला दंड तुम्हाला खोटं सांगेल. तीन-चार महिन्यांत एक सेंटिमीटर सरकला तरी मी म्हणेन छान चाललंय.

झाकणाचं म्हणाल तर ते टेपच्या आधी उघडेल. तोवर निदान बरणी अंगाजवळ धरून, कोपर वाकवून पिळा, लांब हात करून नको.

आणि सहा आठवड्यांनी त्याच मित्राला बोलवा, त्याच भिंतीला पाठ लावा, तेच ३० किलो घ्या आणि किती रेप होतात ते मला कळवा. रॉडचं वजन धरून.